संगणनाची उष्णता नेमकी कशाची किंमत आहे?

प्रश्न थोडक्यात असा आहे: संगणक आकडेमोड करतो म्हणून तापतो का, प्रत्येक बिटमागे किमान काही ऊर्जा खर्च झालीच पाहिजे असा लँडाउअरचा जो सिद्धांत सांगितला जातो, तो खरोखर काय म्हणतो, आणि आजच्या चिप त्या मर्यादेच्या जवळ आल्या आहेत का, नसतील तर मधली ऊर्जा जाते कुठे. कमी ऊर्जेवर चालणाऱ्या सर्किटांची रचना हे बरीच वर्षे माझे काम राहिले आहे, आणि या विषयात चुकीची समजूत पहिल्याच वाक्यात शिरते असा माझा अनुभव आहे. ‘संगणनाला किमान ऊर्जा लागते’ हे ते वाक्य. संगणनाला अशी किमान ऊर्जा लागत नाही. माहिती पुसायला लागते, घाई करायला लागते, आणि बिट एका जागेहून दुसऱ्या जागी न्यायला आजच्या पद्धतीत फार लागते. या तिन्ही खर्चांचे स्वरूप वेगळे आहे. ते एकत्र मोजले की उत्तर बिघडते.

आधी ऊर्जेच्या हिशेबाची एक साधी बाब स्पष्ट करतो, कारण ती अनेकदा गृहीत धरली जाते आणि चुकीची गृहीत धरली जाते. ५०० वॅट वीज घेणारा संगणक खोलीला जवळजवळ पूर्ण ५०० वॅट उष्णता देतो, म्हणजे ५०० वॅटच्या हीटरइतकीच. गणिताच्या उत्तरात ऊर्जेचा काही हिस्सा ‘साठून’ राहत नाही. उपयुक्त काम किती झाले, हे त्यामुळे ऊर्जेच्या भाषेत मोजताच येत नाही. तेवढ्याच उष्णतेत किती पायऱ्या पार पडल्या, एवढेच मोजता येते. १९४६ साली जाहीर झालेला एनिॲक सुमारे १५० किलोवॅट वीज घेऊन सेकंदाला ५,००० बेरजा करत असे, म्हणजे एका बेरजेला ३० ज्यूल. २०२२ मध्ये फ्रंटियर या महासंगणकाने सुमारे २१ मेगावॅटमध्ये १.१ एक्झाफ्लॉप, म्हणजे सेकंदाला १.१ गुणिले १० चा १८ वा घात क्रिया, एवढा वेग दाखवला. हिशेब केला तर दशांश अपूर्णांकांच्या एका क्रियेला सुमारे १९ पिकोज्यूल पडतात (१ पिकोज्यूल म्हणजे १० चा उणे १२ वा घात ज्यूल). दोन्ही क्रिया अगदी सारख्या नाहीत, तरी एका क्रियेमागची उष्णता दीड लाख कोटी पटींहून अधिक घटली आहे. एवढी घट शक्य झाली याचाच अर्थ असा की, आधीची जवळजवळ सगळी उष्णता बेरजेसाठी आवश्यक नव्हती. मग आवश्यक किती?

आयबीएममधील भौतिकशास्त्रज्ञ रॉल्फ लँडाउअर यांनी १९६१ मध्ये या प्रश्नाला नेमके रूप दिले. त्यांचा युक्तिवाद सोपा आणि खोल आहे. बिट ही कागदावरची खूण नसते. ती एखाद्या भौतिक वस्तूची अवस्था असते. एका पेटीत वायूचा एकच रेणू आहे आणि पेटीच्या मधोमध पडदा आहे अशी कल्पना करा. रेणू डावीकडे असेल तर ०, उजवीकडे असेल तर १. आता ‘पुसणे’ म्हणजे बिट आधी काहीही असो, शेवटी ० झालेच पाहिजे अशी क्रिया. पडदा काढून उजवीकडून दट्ट्या मध्यापर्यंत ढकलला की रेणू डावीकडेच उरतो. या प्रक्रियेत रेणूला मिळू शकणारी जागा निम्मी झाली, म्हणजे त्याच्या शक्य अवस्थांची संख्या निम्मी झाली. भौतिकीचे सूक्ष्म नियम मात्र दोन वेगळ्या अवस्थांना कधीच एकत्र मिसळू देत नाहीत. बिटामधून गेलेला फरक कुठेतरी उरलाच पाहिजे, आणि तो भोवतालच्या रेणूंच्या हालचालीत जातो. यालाच आपण उष्णता म्हणतो. तिचे किमान प्रमाण म्हणजे बोल्ट्झमन स्थिरांक, निरपेक्ष तापमान आणि २ चा नैसर्गिक लॉगॅरिदम (०.६९३) यांचा गुणाकार. ३०० केल्विनला हा गुणाकार २.८७ झेप्टोज्यूल येतो. १ झेप्टोज्यूल म्हणजे १० चा उणे २१ वा घात ज्यूल. या दराने १ वॅटमध्ये सेकंदाला सुमारे ३५ कोटी कोटी लाख, म्हणजे ३.५ गुणिले १० चा २० वा घात, इतके बिट पुसता येतील.

ही कल्पना एकाएकी आली नाही. जेम्स क्लर्क मॅक्सवेल यांनी १८६७ मध्ये एक चतुर प्राणी कल्पिला होता, जो प्रत्येक रेणूचा वेग पाहून दार उघडतो आणि काहीही कार्य न करता गरम व थंड वायू वेगळे करतो. लिओ झिलार्ड यांनी १९२९ मध्ये तो प्रश्न एका रेणूपर्यंत आणला आणि एक बिट माहितीच्या मोबदल्यात बरोबर वर सांगितलेल्या गुणाकाराएवढे कार्य मिळवता येते हे दाखवले. पुढची अनेक दशके असे मानले गेले की त्या प्राण्याला रेणू पाहायलाच, म्हणजे मोजमापालाच, ऊर्जा लागत असणार. चार्ल्स बेनेट यांनी १९८२ मध्ये मांडणी पूर्ण केली: मोजमाप तत्त्वतः फुकट करता येते, प्राण्याच्या स्मृतीत जमलेल्या नोंदी पुसताना किंमत द्यावी लागते, आणि ती मिळवलेल्या कार्याएवढी तरी असते. माझ्या दृष्टीने या इतिहासाचे महत्त्व एवढेच आहे की, ऊष्मागतिकीचा दुसरा नियम (उष्णता आपोआप थंडाकडून गरमाकडे जात नाही) माहितीला बाहेरची गोष्ट मानत नाही, हे यातून ठरले.

आता ज्या मुद्द्यावर चांगले अभियंतेही अडखळतात, तिथे जरा थांबतो. तार्किकदृष्ट्या उलटवता न येणारी क्रिया आणि ऊष्मागतिकीच्या अर्थाने उलटवता न येणारी, म्हणजे अव्युत्क्रमी, क्रिया या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. समजा एखादा बिट खरोखर यादृच्छिक आहे. तो ० की १ हे जगात कुठेही नोंदलेले नाही. तो अगदी सावकाश पुसला तर बिटाची एन्ट्रॉपी, म्हणजे त्याच्या अवस्थेबद्दलची अनिश्चितता, एका बिटाने घटते आणि परिसराची तेवढीच वाढते. एकूण बेरीज बदलत नाही. हीच प्रक्रिया उलट चालवून ० वर असलेला बिट पुन्हा यादृच्छिक करता येतो आणि परिसरातील तेवढीच उष्णता घेऊन तेवढेच कार्य परत मिळवता येते. म्हणजे इथे उष्णता बाहेर पडली, पण काहीही कायमचे वाया गेले नाही. एन्ट्रॉपी फक्त एका जागेहून दुसरीकडे गेली.

आता दुसरी परिस्थिती घ्या. ‘अ’ हा यादृच्छिक बिट आहे आणि ‘ब’ ही त्याची नक्कल आहे. दोघांची मिळून एन्ट्रॉपी एकाच बिटाएवढी आहे, कारण ‘अ’ कळला की ‘ब’ कळतोच. आपण ‘अ’कडे न पाहता ‘ब’ नेहमीच्या पद्धतीने पुसला, तर परिसरात २.८७ झेप्टोज्यूल उष्णता टाकावी लागते. नंतर उरतो ‘अ’, ज्याची एन्ट्रॉपी अजूनही एक बिट आहे. सर्किटाची एन्ट्रॉपी आधी एक, नंतरही एक. पण परिसराची मात्र वाढली. ही वाढ नव्याने निर्माण झाली आणि ती कशानेही परत घेता येणार नाही. याउलट, ‘अ’ १ असेल तरच ‘ब’ उलटा करा अशी क्रिया केली, तर ‘ब’ निश्चितपणे ० होतो आणि तत्त्वतः काहीही खर्च येत नाही. दोन्ही वेळा ‘ब’ ० झाला. फरक एवढाच की एकदा आपण असलेले ज्ञान वापरले आणि एकदा ते फेकून दिले.

हे उदाहरण सगळ्या विषयाची किल्ली आहे असे मी मानतो. संगणकातला प्रत्येक मधला बिट हा मूळ आदानापासून (इनपुटपासून) ठरावीक नियमाने निघालेला असतो. तो यादृच्छिक नसतो. तो दुसऱ्या बिटांशी पूर्णपणे बांधलेला असतो. तरीही आपली सर्किटे प्रत्येक आवर्तनात तो बिट आपल्याला काहीच ठाऊक नसल्यासारखा पुसतात. म्हणून संगणकात होणारे पुसणे जवळजवळ नेहमी दुसऱ्या प्रकारचे, म्हणजे खऱ्या अर्थाने वाया घालवणारे असते. लँडाउअर मर्यादा मोडता येत नाही. पण ती लागू होईल असे वागण्याची सक्तीही निसर्गाने केलेली नाही.

एका गेटपुरते, म्हणजे बिटांवर एक साधी तार्किक क्रिया करणाऱ्या सर्किटाच्या तुकड्यापुरते, पाहायचे तर अँड गेट घ्या. दोन्ही आदाने १ असतील तरच ते १ देते. दोन्ही आदाने समान संभाव्यतेची आणि स्वतंत्र असतील तर आत २ बिट माहिती येते. बाहेर १ येण्याची संभाव्यता एक चतुर्थांश, म्हणून बाहेर पडणारी माहिती ०.८११ बिट. उरलेले १.१८९ बिट गेटमध्ये हरवतात, आणि त्यांची किमान किंमत ३.४ झेप्टोज्यूलच्या आसपास येते. एक्स-ऑर गेटमध्ये (आदाने वेगळी असतील तरच १) बरोबर १ बिट हरवतो. नॉट गेटमध्ये (० चा १, १ चा ०) काहीच हरवत नाही, कारण उत्तरावरून आदान ओळखता येते. बेनेट यांनी १९७३ मध्ये सिद्ध केले की कोणतेही संगणन केवळ अशा न हरवणाऱ्या पायऱ्यांनी करता येते. पद्धत अशी: पुढे जाताना मधल्या सर्व नोंदी ठेवायच्या, अंतिम उत्तराची रिकाम्या जागेत एक नक्कल घ्यायची, आणि मग सगळे संगणन उलट क्रमाने चालवून मधल्या नोंदी एकेक करून पुन्हा ० करायच्या. शेवटी हाती मूळ आदान आणि उत्तर एवढेच उरते. कचरा उरत नाही. एडवर्ड फ्रेडकिन आणि टॉमासो टॉफोली यांनी त्यासाठी लागणारी तीन आदाने व तीन प्रदाने (आउटपुट) असलेली गेटे मांडली. त्या बदल्यात वेळ आणि जागा द्यावी लागते. साध्या रीतीने पायऱ्या साधारण दुप्पट होतात आणि मेमरी संगणनाच्या लांबीइतकी वाढू शकते. बेनेट यांनीच १९८९ मध्ये टप्प्याटप्प्याने पुढे-मागे जाण्याची युक्ती देऊन मेमरीची वाढ बरीच आटोक्यात आणली, मात्र त्यासाठी पायऱ्यांची संख्या आणखी वाढते.

लँडाउअर मर्यादा प्रयोगात दिसली का, असेही विचारले जाते. हो. २०१२ मध्ये फ्रान्समधील लियाँ येथे आंत्वान बेरू, सेर्जियो चिलिबेर्तो आणि सहकाऱ्यांनी पाण्यातील सुमारे २ मायक्रोमीटर व्यासाचा काचेचा कण लेझरने तयार केलेल्या दोन खळग्यांमध्ये धरला आणि मधला उंचवटा कमी करून, पाण्याचा प्रवाह देऊन तो ठरलेल्या खळग्यात आणला. क्रिया जितकी सावकाश, तितकी सरासरी उष्णता या मर्यादेकडे झुकत गेली. तिच्या खाली गेली नाही. २०१४ मध्ये कॅनडातील प्रयोगाने आणि २०१६ मध्ये बर्कलीत सूक्ष्म चुंबकांवर केलेल्या प्रयोगाने तेच दाखवले. इथे ‘सरासरी’ हा शब्द महत्त्वाचा आहे. एवढ्या लहान प्रमाणावर एखाद्या वेळी उष्णता मर्यादेपेक्षा कमी पडते, एखाद्या वेळी जास्त. या चढउतारांवर नेमके नियम आहेत, त्यांतील एक क्रिस्टोफर जार्झिन्स्की यांनी १९९७ मध्ये दिला. ‘मर्यादा मोडली’ असे दावे वाचनात येतात तेव्हा मी पहिल्यांदा हे तपासतो की सरासरी दिली आहे की निवडक फेऱ्या.

दुसरा महत्त्वाचा शब्द ‘सावकाश’. ठरावीक वेळेत क्रिया उरकायची असेल तर मर्यादेच्या वर जादा उष्णता द्यावी लागते, आणि सावकाश क्रियांसाठी ही जादा उष्णता वेळेच्या व्यस्त प्रमाणात असते. वेळ निम्मा केला तर जादा भाग दुप्पट. लियाँच्या प्रयोगात एका पुसण्याला काही सेकंदांपासून दहा सेकंदांच्या काही पटींपर्यंत वेळ लागत होता. प्रोसेसरला हेच काम नॅनोसेकंदाच्या अंशात करायचे असते. पाण्यातला कण आणि ट्रान्झिस्टर यांचा वेग तोलून पाहणे योग्य नाही, कारण घर्षणाचे स्वरूप वेगळे. पण घाईला वेगळी किंमत आहे हे तत्त्व दोन्हीकडे सारखे आहे, आणि माझ्या कामात त्याचा संबंध लँडाउअरच्या आकड्यापेक्षा कितीतरी जास्त वेळा आला आहे.

आता आजच्या चिपकडे येऊ. एका गेटचे प्रदान आणि त्याला जोडलेल्या तारा मिळून १ फेम्टोफॅरड (१० चा उणे १५ वा घात फॅरड) धारिता, म्हणजे विद्युतभार साठवण्याची क्षमता, धरा आणि व्होल्टेज ०.७ व्होल्ट. ही धारिता भारित करताना पुरवठ्यातून धारिता गुणिले व्होल्टेजचा वर्ग, म्हणजे ४९० ॲटोज्यूल निघतात (१ ॲटोज्यूल म्हणजे १० चा उणे १८ वा घात ज्यूल). त्यातले निम्मे, २४५ ॲटोज्यूल, ट्रान्झिस्टरच्या रोधात लगेच उष्णता होतात. विशेष म्हणजे रोध कमी केला तरी हा निम्मा भाग बदलत नाही. फक्त तो लवकर खर्च होतो. उरलेले निम्मे पुढच्या वेळी बिट ० झाला की सर्किटाच्या शून्य व्होल्टच्या बाजूकडे (ग्राउंडकडे) वाहून उष्णता होतात. २४५ ॲटोज्यूल म्हणजे लँडाउअर मर्यादेच्या सुमारे ८५,००० पट. या एका बिटामागे ४,४०० च्या आसपास इलेक्ट्रॉन इकडून तिकडे जातात. म्हणजे चिप एका बिटाची माहिती हजारो इलेक्ट्रॉनांत लिहिते आणि पुसताना त्या सगळ्यांची ऊर्जा सोडून देते. हा खर्च माहितीच्या पुसण्याचा नाही. बिट पूर्वीइतकाच एक आहे. त्याला धरून ठेवणारी वस्तू मोठी आहे आणि आपण ती एका झटक्यात उंचावरून खाली टाकतो.

मग व्होल्टेज का कमी करत नाहीत? १९७४ मध्ये रॉबर्ट डेनार्ड आणि सहकाऱ्यांनी दाखवलेल्या नियमानुसार ट्रान्झिस्टर लहान होताना व्होल्टेजही त्याच प्रमाणात घटत गेले, आणि ३० वर्षे चिपच्या प्रत्येक चौरस मिलिमीटरमधली उष्णता साधारण तशीच राहिली. सुमारे २००५ नंतर हे थांबले. कारण पुन्हा ऊष्मागतिकीच आहे. ट्रान्झिस्टर बंद करताना प्रवाह दहापट कमी व्हायला खोलीच्या तापमानाला किमान ६० मिलिव्होल्टच्या जवळपास फरक लागतो. हा आकडा इलेक्ट्रॉनांच्या उष्णताजन्य ऊर्जेतून येतो, कारागिरीतून नाही. व्होल्टेज कमी केले की ‘बंद’ ट्रान्झिस्टरही गळत राहतो. चिपच्या पायऱ्यांची लय ठरवणाऱ्या घड्याळाचा वेग तेव्हापासून काही गिगाहर्ट्झवर अडला आहे, आणि एका चिपवरचे सगळे ट्रान्झिस्टर एकाच वेळी पूर्ण वेगाने चालवणे परवडत नाही.

या गळतीने मला सुरुवातीच्या वर्षांत एक धडा दिला. एका छोट्या चाचणी चिपवर मी व्होल्टेज आणि घड्याळ दोन्ही उतरवत गेलो, अशा अपेक्षेने की सावकाश चालवले की एका क्रियेमागची ऊर्जा घटतच जाईल. काही मर्यादेपर्यंत ती घटली; त्यानंतर वाढू लागली. मोजणीच चुकली असावी असे समजून मी दोन आठवडे मोजणीची उपकरणे तपासत राहिलो. मोजणी बरोबर होती. क्रिया इतकी लांबली होती की तेवढ्या वेळात बंद ट्रान्झिस्टरांतून झालेली गळती बदलाच्या ऊर्जेपेक्षा मोठी झाली होती. प्रत्येक सर्किटाला असा एक तळ असतो, आणि त्याच्या खाली सावकाश जाऊन जाता येत नाही. सैद्धांतिक लेखनात ‘अनंत वेळ द्या’ असे सहज म्हटले जाते. प्रत्यक्ष वस्तूंमध्ये वेळेलाही भाडे असते.

तरीही घाई कमी करण्याचा एक मार्ग खरोखर उपयोगी आहे. धारिता झटक्यात न भरता पुरवठ्याचे व्होल्टेजच हळूहळू चढवत नेले, तर रोधाच्या दोन टोकांत कोणत्याही क्षणी व्होल्टेजचा फारसा फरक राहत नाही. चढणीला लागलेला वेळ रोध आणि धारिता यांच्या गुणाकाराच्या दहापट ठेवला तर उष्णता नेहमीच्या सुमारे पाचव्या भागावर येते, आणि आणखी वेळ दिला तर त्याच प्रमाणात घटत जाते. उतरताना ऊर्जा पुन्हा पुरवठ्याकडे परत घेता येते. यालाच ॲडिअबॅटिक सर्किट म्हणतात. यात एक अट दडलेली आहे: बिट ० की १ हे सर्किटाला उतरताना ठाऊक असले पाहिजे, नाहीतर तो हळूहळू उतरवताच येत नाही. इथे बेनेट यांची न हरवणारी गणना आणि विद्युत अभियांत्रिकी एकमेकांना भेटतात. मात्र ऊर्जा परत घेणारे घड्याळ अनुनादी मंडलाचे, म्हणजे वेटोळे आणि धारिता यांच्यात ऊर्जा झुलवणाऱ्या सर्किटाचे, लागते, आणि चिपवरील वेटोळ्यांत स्वतःचाच बराच ऱ्हास होतो. या कामाचे प्रामाणिक मूल्यमापन घड्याळासकट केले तरच करता येते; घड्याळ वगळून दिलेल्या आकड्यांवर मी विश्वास ठेवत नाही.

अंतराचा खर्च यापेक्षाही मोठा आहे, आणि त्याकडे सर्वांत कमी लक्ष जाते. चिपवरच्या तारेची धारिता दर मिलिमीटरला सुमारे ०.२ पिकोफॅरड असते आणि तंत्रज्ञानाच्या पिढ्या बदलल्या तरी ती फारशी बदललेली नाही. ०.७ व्होल्टवर एका बदलाला दर मिलिमीटरमागे सुमारे ४९ फेम्टोज्यूल पडतात. ६४ बिटांची संख्या १० मिलिमीटर न्यायची आणि त्यातले निम्मे बिट बदलतात असे धरले, तर सुमारे १६ पिकोज्यूल. फ्रंटियरच्या एका क्रियेमागचे सर्वसमावेशक १९ पिकोज्यूल शेजारी ठेवून पाहा. मार्क होरोविट्झ यांनी २०१४ मध्ये ४५ नॅनोमीटर तंत्रज्ञानासाठी दिलेले आकडे आमच्या क्षेत्रात सर्वांच्या तोंडी असतात: ३२ बिटांची अपूर्णांकी बेरीज ०.९ पिकोज्यूल, गुणाकार ३.७ पिकोज्यूल, आणि चिपबाहेरील डीरॅममधून (मुख्य मेमरीतून) एक ‘शब्द’, म्हणजे एका वेळी आणला जाणारा बिटांचा गट, आणणे १,३०० ते २,६०० पिकोज्यूल. गणित स्वस्त आहे. गणितासाठी लागणारी संख्या आणणे महाग आहे. म्हणून फ्रंटियरच्या १९ पिकोज्यूलला २.८७ झेप्टोज्यूलने भागून ‘आपण मर्यादेपासून ६६० कोटी पट दूर आहोत’ असे जे सांगितले जाते, ते अंकगणित म्हणून बरोबर असले तरी दिशाभूल करते. त्या एका क्रियेत हजारो गेटे बदलतात आणि बराच भाग वाहतुकीचा असतो.

थंड करून ही मर्यादाच खाली आणता येईल का, हा प्रश्नही या विषयात हमखास येतो. ४.२ केल्विनला लँडाउअर मर्यादा ०.०४ झेप्टोज्यूल होते हे खरे. पण तिथे पडलेली उष्णता ३०० केल्विनच्या परिसरात आणून टाकायला आदर्श शीतयंत्रालाही कार्य करावे लागते, आणि दोन्हींची बेरीज केली की परिसरात अखेर पडणारी उष्णता पुन्हा बरोबर २.८७ झेप्टोज्यूल येते. थंडीचा उपयोग इतरत्र आहे: रोध नाहीसा होतो, गळती थांबते, उष्णताजन्य गोंगाट घटतो. जपानमधील योकोहामा राष्ट्रीय विद्यापीठाच्या गटाने अतिसंवाहक ॲडिअबॅटिक सर्किटांत ५ गिगाहर्ट्झला प्रति जंक्शन (बदल घडवणारा एक अतिसंवाहक घटक) सुमारे १.४ झेप्टोज्यूल एवढा ऊर्जाव्यय दाखवला आहे. हा आकडा २.८७ पेक्षा कमी दिसतो म्हणून मर्यादा मोडली असे समजू नये. त्या तापमानाच्या मर्यादेच्या तो सुमारे ३५ पट आहे. तरीही ३५ पट आणि ८५,००० पट यांतला फरक केवढा आहे हे मला सांगावेसे वाटते.

पेशींकडेही एक नजर टाकावी. पेशीतील एटीपी या ऊर्जावाहक पदार्थाचा एक रेणू विघटित झाल्यावर मिळणारी ऊर्जा बोल्ट्झमन स्थिरांक व तापमान यांच्या गुणाकाराच्या सुमारे २० पट, म्हणजे एका बिटाच्या किमान किमतीच्या जवळपास ३० पट असते. अनुवांशिक संदेश वाचून प्रथिने बांधताना प्रत्येक अमिनो आम्लामागे असे सुमारे चार रेणू खर्च होतात. यातला काही खर्च केवळ अचूकतेसाठी असतो. चुकीचा तुकडा बसला तर तो काढून टाकण्याची दुसरी संधी मिळावी म्हणून पेशी मुद्दाम ऊर्जा घालवते, हे जॉन हॉपफील्ड यांनी १९७४ मध्ये दाखवले. अचूकता ही वेगळी खरेदी आहे, आणि तिची किंमत संगणकातही द्यावी लागते.

शेवटी, उलटवता येणारे संगणन आजच्या प्रचंड संगणनकेंद्रांची ऊर्जा वाचवील का, याबद्दल माझे मत. नजीकच्या काळात तसे होईल असे मला वाटत नाही. आज जी ऊर्जा जाते ती लँडाउअर मर्यादेमुळे जात नाही, म्हणून त्या मर्यादेला वळसा घातल्याने ती वाचणारही नाही. आधी मेमरी आणि गणन यांच्यातले अंतर कमी करावे लागेल, संख्यांची रुंदी (एका संख्येला दिलेले बिट) गरजेपुरती ठेवावी लागेल, आणि एकदा आणलेली संख्या पुन्हा पुन्हा वापरावी लागेल. यातून मिळणारी बचत अनेक पटींची आहे आणि तिला नवे भौतिकशास्त्र लागत नाही. मात्र व्होल्टेजची वाट बंद झाली आहे आणि तारांची धारिता हटत नाही, तेव्हा एका बिटामागची ऊर्जा लँडाउअर मर्यादेच्या काही शेकडो पटींच्या खाली न्यायची असेल, तर ती उष्णतेत न टाकता परत घेण्याखेरीज दुसरा मार्ग मला दिसत नाही. ती परत घ्यायची तर बिट काय आहे हे सर्किटाला आठवत असले पाहिजे. म्हणून ज्यांना या क्षेत्रात दीर्घकाळ काम करायचे आहे त्यांना मी सुचवीन की त्यांनी अनुनादी घड्याळांचा ऱ्हास आणि ॲडिअबॅटिक मेमरी हे दोन प्रश्न आधी हाती घ्यावेत. गेटांचे तर्कशास्त्र आपल्याला १९८० च्या दशकापासून ठाऊक आहे, अडले आहे ते या दोन ठिकाणी.